कोरियात राहून हेवी मेटल कॉन्सर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण किंवा नोकरीसाठी कोरियात आलेल्या मराठी मेटलप्रेमींसाठी हे पान आहे. इथल्या कॉन्सर्टचा अवघड भाग हॉलच्या आत नसतो. तो असतो तिकीट हातात पडेपर्यंत. त्यातही बहुतेक अडचणी नाव, फोन नंबर आणि रहिवासी कार्ड (परदेशी नागरिक म्हणून नोंदणी केल्यावर मिळतं ते) एकमेकांशी न जुळल्याने येतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

तिकीट कुठे मिळतं?

मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मुख्यतः तीन ठिकाणी विकली जातात: नोल तिकेट (पूर्वीचं इंटरपार्क), येस२४ आणि मेलन तिकेट. प्रत्येकाची एक कोरियन साइट आणि एक परदेशी ग्राहकांसाठीची ग्लोबल साइट आहे. या दोन्हींची खाती वेगळी. कोरियन साइटवरचं बुकिंग ग्लोबल खात्यात दिसत नाही, उलटंही नाही. प्रत्येक कार्यक्रम ग्लोबल साइटवर येतोच असं नाही, आणि आला तरी तिथल्या जागांचा कोटा अनेकदा वेगळा असतो. कोरियात वर्षभर तरी राहणार असाल तर कोरियन साइटवरच खातं उघडा. थोडी खटपट आहे, पण निवड खूप मोठी मिळते.

कोरियन साइटवर खातं उघडताना ‘माहिती जुळत नाही’ असं का येतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कोरियन साइट तुमची ओळख फोन नंबरवरून पटवते. याला ‘बोनिन-इनजुंग’ म्हणतात. तुम्ही भरलेलं नाव, जन्मतारीख आणि नंबर मोबाइल कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिले जातात. एक अक्षर किंवा एक मोकळी जागा इकडेतिकडे झाली तरी नकार येतो.

आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. रहिवासी कार्डावर आडनाव आधी येतं. उदाहरणार्थ ‘कुलकर्णी अनिरुद्ध श्रीकांत’ हे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये 25 अक्षरं आणि 2 मोकळ्या जागा घेतं. मोबाइलच्या दुकानातला माणूस ते टाइप करताना शेवटची अक्षरं तोडतो, मोकळ्या जागा काढून टाकतो किंवा वडिलांचं नाव गाळतो. बँकेत चौथाच प्रकार होतो. तुम्ही मात्र साइटवर कार्डाबरहुकूम नाव भरता, आणि ते जुळत नाही.

उपाय असा. आधी मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बिलावर तुमचं नाव नेमकं कसं नोंदलंय ते पाहा. साइटवर तेच भरा: सगळी अक्षरं कॅपिटल, क्रम तोच, मोकळ्या जागाही तशाच. तरीही जमलं नाही तर रहिवासी कार्ड घेऊन मोबाइलच्या शाखेत जा आणि नाव कार्डाप्रमाणे बदलून मागा. बँकेतही तेच करून घ्या. पुढे फक्त कॉन्सर्टच नाही, ऑनलाइन खरेदीपासून सगळंच सुरळीत होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या फॉर्मवर ‘नेगुगिन’ (देशी नागरिक) आणि ‘वेगुगिन’ (परदेशी नागरिक) असे दोन पर्याय असतात. आधीपासून निवडलेला असतो ‘नेगुगिन’. तो बदलला नाही तर नाव शंभर टक्के बरोबर असूनही नकार येतो. स्वस्त कंपनीचं सिम असेल तर कंपनीच्या यादीत ‘आलतुल-फोन’ हा पर्याय निवडून त्याखाली मूळ नेटवर्क कोणतं ते निवडावं लागतं.

विमानतळावर घेतलेलं पर्यटकांचं सिम चालेल का?

नाही. ते तुमच्या रहिवासी क्रमांकाशी जोडलेलं नसतं. 90 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यापासून 90 दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते. ते कार्ड हाती आल्यावर स्वतःच्या नावावर सिम घ्या. तोपर्यंत ग्लोबल साइट वापरा. तिथे ईमेल आणि पासपोर्टवरचं नाव पुरतं, आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं.

भारतातलं कार्ड चालतं का?

ग्लोबल साइटवर चालतं, पण आधी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ सुरू करा. नव्या कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येत असेल तर ते सिम रोमिंगवर चालू ठेवा. विक्री सुरू झाल्यावर ओटीपीची वाट पाहण्यात निवडलेली जागा हातची जाते.

कोरियन साइटवर कोरियन बँकेचं कार्ड वापरा किंवा ‘मुतोंगजांग इपगुम’ निवडा. दुसऱ्या पर्यायात तुमच्यासाठी एक तात्पुरता खाते क्रमांक तयार होतो आणि त्यात पैसे पाठवायचे असतात. मुदत बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी रात्री 11:59 पर्यंत असते. घाईच्या वेळी हा पर्याय सगळ्यात निर्धोक, कारण कार्डाच्या सुरक्षा ॲपची भानगड त्या क्षणी टळते.

विक्री सुरू होते त्या क्षणी नेमकं काय करायचं?

विक्री बहुधा दुपारी 12 किंवा संध्याकाळी 8 वाजता उघडते. तुमच्या घड्याळावर जाऊ नका. ‘नेवीजम’ नावाची साइट तिकीट सर्व्हरची वेळ सेकंदासकट दाखवते, ती बाजूला उघडी ठेवा. दहा मिनिटं आधी लॉगिन करा, ओळख पडताळणी उरकून घ्या, ब्राउझरमधलं पॉप-अप अडवणं बंद करा (जागांचा नकाशा नव्या खिडकीत उघडतो).

बटण दाबल्यावर रांगेतला क्रमांक दिसतो. इथे पान रिफ्रेश करू नका, केलंत तर रांगेच्या शेवटी जाल. आत गेल्यावर पडद्यावरची अक्षरं टाइप करायची, मग जागा निवडायची. ‘इमी सॉनतेकदेन च्वासॉगिम्निदा’ असा संदेश आला तर ती जागा दुसऱ्या कुणीतरी निवडली आहे असं समजा. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा टिचकी मारण्यात वेळ घालवू नका, दोन-चार रांगा मागे सरका.

नाही मिळालं तरी निराश होऊ नका. ज्यांनी मुदतीत पैसे भरले नाहीत त्यांच्या जागा मुदत संपल्यावर मध्यरात्रीनंतर पुन्हा साइटवर येतात. रद्द होणाऱ्या तिकिटांवर डोळा ठेवण्याला इथे ‘छ्विकेटिंग’ म्हणतात. मेटलच्या बाबतीत याचा खरंच उपयोग होतो. पॉप गटांच्या कार्यक्रमांइतकी झुंबड इथे क्वचितच असते.

किंमत किती?

परदेशी नावाजलेल्या बँडचं उभ्या जागेचं तिकीट गेल्या काही वर्षांत साधारण 1 लाख ते दीड लाख वोनच्या आसपास असतं, म्हणजे ढोबळमानाने सहा ते नऊ हजार रुपये. वर प्रत्येक तिकिटामागे दोनेक हजार वोन बुकिंग शुल्क. सोलच्या होंगदे भागातल्या छोट्या क्लबमध्ये चार-पाच स्थानिक बँड तीस-चाळीस हजार वोनमध्ये ऐकायला मिळतात. आमच्या मते पैशाचं खरं चीज तिथे होतं.

रद्द केलं तर किती पैसे कापतात?

नेहमीचा नियम असा: बुकिंगनंतर 7 दिवसांत रद्द केलं तर काही कापत नाहीत, मात्र कार्यक्रम 10 दिवसांच्या आत आला नसेल तरच. कार्यक्रमाच्या 9 ते 7 दिवस आधी 10 टक्के, 6 ते 3 दिवस आधी 20 टक्के, 2 ते 1 दिवस आधी 30 टक्के. त्या दिवशी रद्द करता येत नाही. बुकिंग शुल्कसुद्धा परत हवं असेल तर बुक केलं त्याच दिवशी रात्री 12 पूर्वी रद्द करावं लागतं. तिकीट कुरियरने घरी आलं असेल तर ते परत पोचल्यावरच रद्द झालं असं धरतात. म्हणून बेत पक्का नसेल तर ‘ह्यॉनजांग सुर्योंग’, म्हणजे जागेवर घेण्याचा पर्याय निवडा.

दुसऱ्याकडून तिकीट विकत घ्यावं का?

शक्यतो नको. काळ्या बाजारातल्या तिकिटाला ‘आम्प्यो’ म्हणतात. 22 मार्च 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार स्वयंचलित प्रोग्राम वापरून मिळवलेली तिकिटं फिरवून विकणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 कोटी वोनपर्यंत दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचं नुकसान वेगळंच. दारावर ओळखपत्र तपासणार असतील तर दुसऱ्याच्या नावाचं तिकीट कागदाच्या किमतीचंही राहत नाही. मूळ किमतीत देणारा ओळखीचा माणूस असेल तर आधी कार्यक्रमाच्या पानावर नाव तपासणी आहे का ते वाचा. अनोळखी माणसाला पैसे पाठवायची वेळ आलीच तर त्याचा खाते क्रमांक ‘द चीट’ या फसवणूक नोंदवणाऱ्या साइटवर टाकून बघा.

उभ्या जागेच्या तिकिटावरचा आकडा कशाचा?

तो ‘इपजांग बॉनहो’, म्हणजे आत जाण्याचा क्रमांक. भारतात लवकर येणारा पुढे उभा राहतो, तसं इथे नाही. ‘ए विभाग, 312’ असं तिकीट असेल तर तुम्ही 311 जणांनंतर आत जाणार, मग सकाळी 8 ला आलात तरी.

दारं उघडायच्या तासभर आधी हॉलबाहेर रांगा लागतात. कर्मचारी आकड्यांच्या पाट्या धरून उभे असतात: 1 ते 50, 51 ते 100 अशा. त्या पट्ट्याच्या आत कोण पुढे हे लोक आपापसात ठरवतात. शेजारचा तुम्हाला ‘म्यॉत बॉनिसेयो?’ असं विचारेल. तो फक्त ‘तुमचा नंबर किती?’ एवढंच विचारतोय. तिकीट दाखवा, तो तुम्हाला बरोबर जागेवर उभं करेल. दोन अनोळखी माणसं शांतपणे तिकिटं शेजारी धरून जागा बदलतात, हे दृश्य इथे अगदी रोजचं. तुमचा पट्टा आत गेल्यावर पोचलात तर क्रमांक वाया गेला, त्या वेळी चालू असलेल्या रांगेच्या शेवटी जायचं.

मनगटावर कागदी पट्टी बांधली जाते. ती तुटली किंवा काढली तर सहसा दुसरी देत नाहीत, तेव्हा अंगठी किंवा घड्याळाला ती घासणार नाही असं पाहा.

कार्यक्रम कुठे होतात?

मधल्या आकाराच्या बहुतेक परदेशी बँडसाठी सोलच्या ग्वांगजिन भागातला येस२४ लाइव्ह हॉल. 5 नंबरच्या मेट्रोचं ग्वांगनारू स्टेशन, तिथून चालत. उभी राहिली तर सुमारे दोन हजार माणसं मावतात आणि मागच्या बाजूनेही रंगमंच नीट दिसतो. मोठी नावं ऑलिंपिक पार्कमध्ये (आयर्न मेडन 10 मार्च 2011 ला तिथेच वाजले) किंवा गोचॉक स्काय डोममध्ये (मेटॅलिका, 11 जानेवारी 2017). डोममध्ये आवाज घुमतो. मागच्या रांगांत डबल बेस ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. तिथे स्वस्त मागची जागा घेण्यापेक्षा थोडे पैसे जास्त घालून जमिनीवरची घ्या.

छोट्या कार्यक्रमांसाठी होंगदे. 1995 पासून चालू असलेला रोलिंग हॉल हे त्यातलं सर्वांत भक्कम नाव.

कोरियन मेटल ऐकायचं तर कुठून सुरुवात?

1986 साली सिनावे, पेकदुसान आणि पुह्वाल या तिन्ही बँडचे पहिले अल्बम आले. इथल्या हेवी मेटलचा इतिहास तिथून मोजतात. पुढे कोरियन पॉपचा चेहराच बदलणारा सॉ तेजी आधी सिनावेत बेस वाजवायचा. थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) आवडत असेल तर क्रॅश आणि मेथड हे बँड, ब्लॅक मेटलसाठी (किंचाळता आवाज, काळोखं वातावरण) सॅड लेजेंड. जाम्बिनाइ हा बँड तर चुकवूच नका: हेगुम, गॉमुन्गो आणि पिरी ही पारंपरिक वाद्यं त्यांनी डिस्टॉर्शनवाल्या खरखरीत गिटारच्या भिंतीसमोर उभी केली आहेत. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजले होते. त्यांच्या कार्यक्रमात हेगुमची तार जेव्हा किंचाळते तेव्हा छोट्या हॉलमध्ये अंगावर काटा येतो. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा निम्मासुद्धा परिणाम उतरत नाही.

क्लबच्या कार्यक्रमाचं बुकिंग कसं?

बँडच्या किंवा क्लबच्या इन्स्टाग्रामवर फॉर्मची लिंक असते. नाव, फोन, तिकिटांची संख्या भरायची आणि दिलेल्या खात्यात पैसे पाठवायचे. पाठवणाऱ्याचं नाव फॉर्ममधल्या नावाशी जुळायला हवं. बँकेचं ॲप आपलं लांब नाव मधेच तोडतं, म्हणून पैसे पाठवताना ‘समोरच्याला दिसणारं नाव’ हा रकाना हाताने बदला आणि तेच फॉर्ममध्ये लिहा. ‘येमे’ म्हणजे आगाऊ, ‘ह्यॉनमे’ म्हणजे दारावर. दारावर साधारण पाच हजार वोन जास्त पडतात.

वेळेवर सुरू होतो का?

होय. शनिवार-रविवारी बहुधा 5 किंवा 6 ला, इतर दिवशी साडेसात-आठला. तिकिटावर 6 असेल तर 6 लाच अंधार होतो.

प्रेक्षक कसे असतात? पिटमध्ये जावं का?

जरूर जावं. इथलं खास वैशिष्ट्य म्हणजे ‘त्तेचांग’, सगळ्या हॉलने मिळून गाणं. नुसते शब्द नाही, गिटारच्या सुरावटीसुद्धा लोक तोंडाने म्हणतात. परदेशी बँड या आवाजाने भारावून जातात ते उगाच नाही.

पिट, म्हणजे लोक एकमेकांना धडका देत नाचतात ती जागा, मधल्या भागात, पहिल्या काही रांगांच्या मागे तयार होतो. आधी कुणीतरी हात पसरून गोल जागा मोकळी करतो. आत शिरायचं नसेल तर त्या क्षणी दोन पावलं मागे व्हा. फेस्टिव्हलमध्ये खांद्यावर हात ठेवून लांबलचक आगगाडीही निघते आणि विनोदी मजकुराचे मोठाले झेंडे फिरतात. कुणी पडलं की भोवतालचे चटकन थांबून उचलतात, तुम्हीही तेच करा. चष्मा असेल तर मागे दोरी लावा. बूट बंद आणि घट्ट हवेत. टोकदार खिळ्यांचे पट्टे दारावर काढून ठेवायला लावू शकतात. रंगमंचावरून उडी मोठ्या हॉलमध्ये चालत नाही.

गर्दीची भीती वाटते. सुरक्षितता कशी असते?

29 ऑक्टोबर 2022 ला इतेवॉनमध्ये गर्दीत चेंगरून 159 माणसं गेली. तेव्हापासून गर्दी हा विषय इथे कुणीही हलक्यात घेत नाही. तरी स्वतःची काळजी घ्या. दाब वाढला की दोन्ही हात मुठी करून छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. पाय जमिनीवर ठेवा, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लाट ओसरली की तिरकं बाजूच्या दिशेने सरका. सरळ मागे जायचा प्रयत्न केला तर पुढच्या लाटेत अडकाल. ‘मिल्जी मासेयो’ म्हणजे ढकलू नका. ‘सारामी नॉमॉज्यॉस्सॉयो’ म्हणजे माणूस पडलाय. पुढच्या कठड्याला असाल तर पलीकडच्या सुरक्षारक्षकाला हात करा, ते वर खेचून बाहेर काढतात. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 112.

कानाचं काय?

सुरक्षिततेच्या एका प्रचलित मापानुसार 85 डेसिबलला 8 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. मेटलचा कार्यक्रम त्याहून मोठा असतो आणि दोन तास चालतो. ‘क्विमागे’ (कानातले बोळे) औषधाच्या दुकानात आणि डायसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानात एक-दोन हजार वोनला मिळतात. फोमचा बोळा बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. अर्धवट बसला तर उपयोग नाही. फोममुळे झांजा मंद वाटतात. नियमित जाणाऱ्याने संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्यावेत.

सामान आणि कपडे?

मेट्रो स्टेशनवरचे लॉकर कार्यक्रमाच्या दिवशी लवकर भरतात, दोन-तीन तास आधी पोचा किंवा एक स्टेशन अलीकडे ठेवा. जानेवारीत रांगेत उभं राहायचं तर जाड कोट लागतो, आत मात्र तो ओझं होतो. पातळ थर आणि खिशात ‘हातपॅक’ (गरम राहणारी पुडी) हा मार्ग बरा.

पेंटापोर्ट फेस्टिव्हलची तयारी कशी करावी?

हा रॉक फेस्टिव्हल 2006 पासून सोलजवळच्या इंचॉन शहरात भरतो. आता ऑगस्टच्या सुरुवातीला तीन दिवस, सोंगदो दालबित चुक्जे पार्कमध्ये, त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनजवळ. याची मुळं 1999 च्या ट्रायपोर्ट फेस्टिव्हलमध्ये आहेत. तिथे डीप पर्पल आणि ड्रीम थिएटर मुसळधार पावसात वाजले आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. आजही ऊन आणि पाऊस हेच खरे शत्रू. छत्रीने मागच्याचं दिसणं बंद होतं, म्हणून ‘उबी’ (रेनकोट) आणा. काचेच्या बाटल्या आणि कॅन आत नेऊ देत नाहीत. दुपारी मीठ-साखरेचं पाणी आधीपासून पीत राहा. चक्कर, मळमळ किंवा घाम येणं थांबणं अशी लक्षणं दिसली तर प्रथमोपचार तंबूत जा, ‘अजून एक गाणं’ म्हणत थांबू नका. मद्य घेणार असाल तर मूळ रहिवासी कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, फोटो चालत नाही.

शाकाहारी माणसाने काय खावं?

घरून किंवा दुकानातून पोट भरून जाणं सर्वांत सोपं. किंबापमध्ये हॅम आणि अंडं असतं, किमचीत बहुधा माशाची चटणी. दुकानात केळी, भाजलेलं रताळं, सोया दूध, साधा भात मिळतो. ठेल्यावर मक्याचं कणीस आणि होत्तॉक (गोड सारणाची तव्यावरची पोळी).

रात्री परत कसं जायचं?

कार्यक्रम सहसा 10 च्या आत संपतो आणि मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, त्यामुळे सोलमध्ये राहणाऱ्याला अडचण नाही. उशीर झालाच तर ‘एन’ने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस आहेत. टॅक्सीला रात्री 10 ते पहाटे 4 जादा आकार लागतो, 11 ते 2 मध्ये तो 40 टक्के असतो. पायी रस्ता शोधायला गुगल मॅप इथे कामाचा नाही, नेव्हर किंवा काकाओचा नकाशा घ्या.

देजॉन किंवा पोहांगहून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिकिटाबरोबरच परतीची शेवटची रेल्वे कोरेल ॲपवर बुक करावी. हॉल ते सोल स्टेशन यात तासभर धरा. ती हुकली तर ‘जिमजिलबांग’मध्ये (रात्रभर उघडं असणारं सार्वजनिक स्नानगृह) वीसेक हजार वोनच्या आत पहाट काढता येते.

आवडता बँड फक्त जपानला येतोय. जाऊन येता येईल?

येईल, पण भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो, आणि कोरियन मित्र शुक्रवारी ठरवून शनिवारी फुकुओकाला जातात तसं आपल्याला जमत नाही. दौरा जाहीर होताच व्हिसाची कागदपत्रं जमवायला लागा. कोरियात परतताना वैध रहिवासी कार्ड असेल आणि वर्षाच्या आत येत असाल तर साधारणपणे वेगळा पुनःप्रवेश परवाना लागत नाही. कार्डाची मुदत मात्र परतीच्या तारखेच्या पुढची असायला हवी.